पहाऱ्याला माणूस नाही

मशीनमधून आधी पाय बाहेर आले. काम उलटं लावलेलं होतं म्हणून; एरवी आधी आकाश येतं, मग डोंगर, मग टोपी, मग टोपीखालचा माणूस. गोरख शाईच्या उग्र वासात उभा राहून फ्लेक्सचा पट्टा दोन्ही हातांनी अलगद धरत होता, सुरकुती पडू नये म्हणून. शाईचं डोकं इकडून तिकडे घासत जाई आणि दर फेरीला बोटभर चित्र पुढे सरके. अनवाणी पाय, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच. ते नख त्याच्या पोटाला आधी कळलं, डोक्याला नंतर. मग धोतराचा काठ आला, मग वीणेचा भोपळा, भोपळ्यावर विसावलेली मनगटाची शीर, मग पांढऱ्या दाढीचे खुंट. असं माणसाला पायांकडून वर बघत जाणं त्यानं आयुष्यात एकदाच केलं होतं, आजीला तिरडीवर ठेवलं तेव्हा. शेवटी डोळे आले, हसरे, कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या किंचित वर बघणारे, जणू तिथं कुणी उभं आहे. आबा. त्याचा बाप. आणि आबांच्या डोक्यावर, जिथं एरवी गंधाचा टिळा संपून आकाश सुरू व्हावं तिथं, पिवळी अक्षरं : हिरडवाडी पावसाळी महोत्सव. धबधबा, गरमागरम पिठलं-भाकरी आणि भक्तीचा अस्सल अनुभव. दुकानाचे शेठ मागून येऊन उभे राहिले. “वाऱ्यानं पहिला फाटला म्हणे, अर्जंट पाहिजे त्यांना,” ते म्हणाले. “तुमच्याच बाजूचं ना रे हे? म्हातारा भारी शोधलाय.” गोरख म्हणाला, “हो, आमच्याच बाजूचं.” आणि कडांना दोरी ओवायच्या रिंगा मारायला बसला. हातोडीचा एकेक ठोका आबांच्या खांद्याजवळून, कोपराजवळून, गुडघ्याजवळून खाली उतरत गेला.

रस्त्यावरून शनिवारची दुपार वाहत होती. दांडेकर पुलावरची वाहनं, श्रावणातलं ऊन-पाऊस, समोरच्या हॉटेलातून उकळत्या तेलाचा वास. हे सगळं रोजचंच होतं. पण त्या अंगठ्याच्या नखापासून त्याच्या आत काहीतरी एका तारेवर वाजायला लागलं होतं आणि थांबत नव्हतं. सप्ता बसला असेल. बसलाच होता, यंदा बुधवारी बसला, पुढच्या बुधवारी काल्याच्या कीर्तनानं उठणार. सात दिवस आणि सात रात्री देवळात नाम थांबायचं नाही आणि वीणा भुईला टेकायची नाही, एवढाच काय तो सप्त्याचा नेम. एका माणसाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते. येणारा वाकतो, असलेला वाकतो, पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर सरकतो आणि त्या सरकण्यातसुद्धा तार वाजती ठेवायची. ज्याच्या त्याच्या घराला पहारा लावून दिलेला. त्यांच्या घराला दुपारचा होता, जेवणं झाल्यावरचा, सगळ्यात अवघड. गाव पेंगतं, माशा घोंघावतात, डोळ्यावर झापड येते आणि माणूस उभ्या उभ्या डुलत नाम घेतो. लहानपणी गोरखला वाटायचं की आबा दुपारी देव राखतात, जसं कुणी खळं राखतं. वीणा खाली ठेवली तर काय व्हईल, असं त्यानं विचारलं होतं तेव्हा आबा म्हणाले होते, “काय व्हनार? काय सुदिक न्हाई व्हनार.” मग बऱ्याच वेळानं, “म्हनूनच ठेवायची न्हाई.”

त्यानं गल्ल्याजवळ जाऊन आईला मोबाईल लावला. बनाबाईकडे मोबाईल आला होता तो धबधब्यावर भाकरीचा स्टॉल टाकल्यापासून. ऑर्डरी घ्यायला लागतो. रेंज आली, गेली, आली. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी गाणं.

“आई, पहाऱ्याला कोण हाय आता?”

“कोन असनार? तुजा बाप हाय.”

“आन त्यांच्या मागनं?”

“मागनं पन तुजा बाप हाय. आन त्याच्या आदी कोन व्हतं इचार.”

“कोण होतं?”

“तुजा बापच व्हता,” बनाबाई म्हणाली, आणि हसली, मग हसायचं थांबली. “पोरं समदी गाड्या लावाया गेल्यात रं. बाया चुलीवर. म्हातारी जी व्हती ती कवाच गेली. काल सांजच्याला ज्ञानूच्या भिमानं थोडा येळ धरली म्हनून त्येंनी दोन घास खाल्लं. पाय सुजल्यात. मी म्हनलं सोडा, तर माज्याकडं असं बघत्यात की म्या कायतरी वंगाळ बोलले. या बाई, या, बसा, किती प्लेट? गोरख, ठेवते मी.”

शेठनी रविवार दिला. देताना मान तिरकी करून म्हणाले, “सोमवारी शटर वर करताना तू दिसला पाहिजेस. गणपतीचे बोर्ड आहेत. नाही दिसलास तर मी दुसरा बघणार, मग तुझा बाप वारला सांगितलंस तरी चालणार नाही.” वाईट माणूस नव्हता; गणपतीचे बोर्ड खरंच होते. पण ते वाक्य गोरखच्या कानात राहिलं आणि रात्रभर कूस बदलताना त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. त्याला आबांच्या सुजलेल्या पायांपेक्षा आबांची ती नजर दिसत होती. सोडा म्हटल्यावरची. सप्ता मोडला तर आबा रडणार नाहीत, कुणाला बोलणार नाहीत. फक्त त्यांना उभं राहायला जागा उरणार नाही. आबांची सगळी इस्टेट म्हणजे ती तेवढी न मोडलेली वर्षं.

सकाळी तो स्वारगेटहून निघाला. कापूरहोळला उतरला तर भोर फाट्यावर गाड्यांची रांग आधीच वळलेली, पुण्याच्या, मुंबईच्या, काचा चढवलेल्या. रफीकभाईंची जीप ढाब्याच्या कडेला उभी होती. रफीकभाई पूर्वी इथंच पंक्चर काढायचे. रस्ता झाला, जीप घेतली, आता रविवारी चहा प्यायलाही सवड नाही. “अरे पावनं, पुढं या,” म्हणून त्यांनी गोरखला शेजारी घेतलं. मागे पुण्याची कॉलेजची मुलं, ओलं होण्याच्या तयारीनं निघालेली. शिवरे, कापूरहोळ, भोर, त्या मुलांना हे सगळं एकच गाव वाटत होतं, लांबच लांब हॉटेलांचं. भोर मागे टाकून जीप भाटघरच्या पाण्याकडेनं लागली. पाणी करडं, त्यावर ढग उतरलेले. गोरख काचेतून बघत होता आणि त्याला वाटत होतं की आपण पुढं जात नाही, रस्ताच आपल्याखालून मागं ओढला जातोय, मशीनमधून फ्लेक्स ओढला जावा तसा, आणि त्यावर आधीच छापलेलं काहीतरी हळूहळू उघडं पडतंय.

कारण हा रस्ता नव्हता तेव्हा गावानं तो मागितला होता, आणि तो कीर्तनासाठी मागितला होता, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं. हिरडवाडी भोर-वेल्ह्याच्या शिवेवर, खिंडीच्या पल्याड. पावसाळ्यात बाजारात न्यायला काही नसायचं आणि न्यायला वाटही नसायची. भात, नाचणी, हिरडा. आणि माणसं, जी पुण्याला जायची आणि शिमग्याला यायची. कीर्तनकार येणार म्हटलं की खिंडीपर्यंत माणसं घोंगड्या घेऊन सामोरी जात. आंबवड्याचे गेनबा महाराज तेव्हा तरुण होते, पण अंगानं भरलेले. पहिल्या वर्षी चिखलात त्यांचा पाय मुरगळला तर आबांनी आणि ज्ञानूकाकांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. झोळीतून उतरून महाराज तसेच लंगडत उभे राहिले आणि एका पायावर त्यांनी असं कीर्तन केलं की उत्तररंगात आख्यान लागलं तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले आणि टाळकऱ्यांना टाळ आवरेनात. गोरख तेव्हा आईच्या मांडीत होता. आख्यान कसलं ते त्याला आठवत नाही. कंदिलाच्या उजेडात महाराजांचा सुजलेला घोटा तेवढा आठवतो, आणि त्या घोट्याशेजारी आबांची पावलं, वीणेच्या तारेवर डुलणारी. त्यानंतर आबा म्हणायला लागले, रस्ता पाहिजे. महाराजांचं अंग काय दर वर्साला झोळीत घालायचं?

रस्ता आला तेव्हा आधी एसटी आली, मुक्कामी. संध्याकाळी यायची आणि सकाळी जायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळातच झोपायचे, घराघरातून त्यांना भाकरी जायची, आणि सप्त्यात कंडक्टरसुद्धा तिकिटाची पेटी खुंटीला अडकवून हौसेनं पहारा द्यायचा. मग रस्ता रुंद झाला, डांबरी झाला. जीपा आल्या. हात दाखवला की थांबणाऱ्या, दारातून नेणाऱ्या. एसटी रिकामी यायला लागली आणि एक दिवस आली नाही. चांगल्या रस्त्यानं एसटी नेली, असं गावातलं कुणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायचं तर सगळे जीपमध्ये बसले होते. आणि मग ती देवळातली सभा. सरपंच आनंदराव, सहलींच्या कंपनीचे दोन साहेब, भिंतीवर धबधब्याचे फोटो. “गाव उबं ऱ्हाईल,” आनंदराव म्हणत होते. “पोरं पुन्याला जायाची न्हाईत, पुनं हितं येतंय.” गोरखही बोलला होता. शहरात राहणारा म्हणून त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता की लोकांना शांतता पाहिजे, जुनं पाहिजे, सप्त्यासारखं. कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या, कारण देऊळ जमिनीनं गावाचं असलं तरी आतून आबांचं होतं. आबांनी जमिनीवरच्या सारवणाचा निघालेला पोपडा बोटानं दाबून बसवला. मग म्हणाले, “येऊं द्या की. धबधबा बघाया आलेलं मानूस पावसात कुठं थांबंल? देवळाबिगर छप्पर न्हाई. थांबलं की दोन घटका टेकंल. टेकलं की कानाव पडंल. एकदा पडलं का झालं मंग.” म्हणून ते फोटोला उभे राहिले. त्या फोटोत ते कॅमेऱ्याच्या वर बघत होते, तिथं, गोरखला आता कळलं, ते येणाऱ्या माणसांकडे बघत होते.

खिंडीत जीप थांबली. वर गाड्या, खाली गाड्या, मधे ढग. माणसं खाली उतरून कडेला भिजत नाचत होती, बाटल्या दगडांवर फुटत होत्या, कणसाच्या धुराचा वास होता. “आता हितं संद्याकाळ,” रफीकभाई इंजिन बंद करून म्हणाले. “तुमी चालत गेलात तर लवकर जाल. मी येतो मागनं सरकत सरकत, परत जाताना हाक मारीन.” गोरख उतरला. दोन वळणं खाली एका पांढऱ्या गाडीत गेनबा महाराज बसलेले त्याला दिसले. फेटा मांडीवर, कपाळ काचेला टेकलेलं. आता चांगले म्हातारे झालेले. काच खाली झाली.

“रखमाजीचा गोरख ना रं तू? बघ बाबा, झोळीतनं लवकर पोचायचो.”

“चला महाराज, चालत जाऊ. मी हात धरतो.”

“गुडघं ऱ्हायल्यात का माजं?” महाराज हसले. “सकाळधरनं हितंच हाय. डायवर म्हनतोय, वळवायला जागा गावली की वळवतो.” मग हसू ओसरल्यावर ते हळू म्हणाले, “तुज्या बापाला सांग, म्हाराज निगालं व्हतं म्हनावं. निगालं व्हतं एवढं सांग.”

तो चालत राहिला. गाड्यांच्या दारांमधून, आरशांना कोपर लागू न देता, ओल्या माणसांच्या मधून. त्याच्या मनात एकच होतं की देवळात शिरायचं, पायांवर डोकं ठेवायचं आणि मान पुढे करायची. पट्टा मानेवर आला की पुढचं तार बघून घेईल. ते क्षण तो चालता चालता इतक्यांदा जगून झाला की देवळासमोर पोचल्यावर आत आवाज नाही हे त्याला लगेच समजलंच नाही. त्याच्या डोक्यातली तार वाजत होती. देवळाला लोखंडी जाळीचं दार होतं, नवं, आणि त्याला कुलूप. जाळीतून आत पाहिलं. अंधारात पोथीचा पाट, विझलेली समई, ओल्या बुटांचे ठसे पार गाभाऱ्यापर्यंत, कोपऱ्यात कुणीतरी बदलून टाकलेली ओली बर्म्युडा. उंबऱ्यावर फुलाबाई बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी, जिला आता दिसत नाही.

“कोन?”

“गोरख, रखमाजीचा. आबा कुठं हायेत, आजी? वीणा कुठाय?”

“कपडं बदलाया यायला लागली मानसं आत. म्हून आनंदरावनं कुलूप घातलं. किल्ली घिऊन तो गेला भोरला, सायबाला सोडाया. तुजा बाप गेला मागंच, वीना घिऊन. तिकडं, गाड्यांकडं.” तिनं मागची जाळी चाचपली. “म्या म्हनलं, नगं नेऊ. म्हनला, पोरं तितं हायेत, वीना हितं कशी ऱ्हाईल?”

आणि मग त्याला कळलं आबांनी काय केलं ते. पहाऱ्याची माणसं देवळाकडे येत नव्हती, म्हणून आबा देऊळ सोडून वीणा माणसांकडे घेऊन गेले होते. सप्ता मोडू नये म्हणून. यात काही चुकत होतं का? गोरखला चूक सापडेना. चिखल तुडवत ज्ञानूकाकांच्या भाताच्या खाचराकडे जाताना तो शोधत राहिला. नेम काय? नाम थांबू नये, वीणा टेकू नये. देवळात, असं कुणी म्हटलं होतं? म्हटलं नव्हतं, कारण दुसरीकडं कुठं, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. खाचराला आता खाचर म्हणवत नव्हतं. मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान, एका टोकाला कंपनीचं व्यासपीठ, कर्ण्यातून ढोलाची रेकॉर्ड, आणि गाड्यांच्या मधोमध भिमा, ज्ञानूकाकांचा. अंगात पिवळा रेनकोट, तोंडात शिट्टी, गळ्यात वीणा. उजव्या हातानं तो गाडी मागे घे, मागे घे करत होता आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून फिरवत होता. शिट्टीच्या मधे मधे ओठ हलत होते. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, अजून घ्या, अजून, बास. त्याच्या चेहऱ्यावर टवाळी नव्हती. तो अगदी मन लावून दोन्ही करत होता, आणि तेच गोरखला बघवेना.

आबा व्यासपीठाच्या पायरीजवळ पोत्यावर बसले होते. पाय लांब केलेले, पोटऱ्या दुधी भोपळ्यासारख्या टम्म. त्यांनी गोरखला पाहिलं आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की गोरखला मान खाली घालावी लागली.

“आलास? म्या भिमाला म्हनलंच, गोरखचा पहारा हाय, यील. बघ, अजूक मोडला न्हाई हां.”

“आबा, देवळात...”

“ठावं हाय. म्हाराज आलं का?”

“निघाले होते,” गोरख म्हणाला. “गाडी खिंडीत हाय.”

“निगालं व्हतं ना? झालं तर मंग.” आबा बोटांनी पोत्याचा धागा ओढत राहिले. मग, सहज विचारावं तसं, “तू वरनं आलास. कुनी इचारलं का रं वाटंत, की सप्ता कुठाय म्हनून?”

“व्हय,” गोरख म्हणाला. “दोघं-तिघं विचारत होते.”

आबांनी मान हलवली. खोटं त्यांना कळलं होतं की नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. त्यांनी फक्त भिमाकडे हात केला. भिमा शिट्टी थुंकून आला, वाकला, गोरख वाकला, पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर सरकला. “चिपळ्या ऱ्हाऊं द्या दादा, हात मोकळा लागतो हितं,” भिमा म्हणाला. “गाडी मागं आली तर आवाज द्या.” आणि धावत गेला.

मग बराच काळ गेला, किंवा गेला नाही. ढोल वाजत होता म्हणून स्वतःची तार त्याला ऐकू येत नव्हती. बोटाला होणाऱ्या थरथरीवरून ती वाजते आहे एवढं कळत होतं. नाम घ्यायला तोंड उघडलं की पहिलं अक्षर यायचं आणि मग फ्लेक्सवरची अक्षरं यायची, पिवळी. माणसं येत होती. “काका, जरा इकडे बघा.” एक बाई लेकराला त्याच्या शेजारी उभं करून मागे मागे सरकत फोटो काढत होती. लेकरानं वीणेला हात लावला, तार दाबली, सोडली, आणि हसलं. त्या एका क्षणी गोरखला वाटलं की आता, आता पडलं कानावर, आबा म्हणायचे ते हेच. त्यानं आबांकडे पाहिलं. आबांनीही ते पाहिलं होतं. ते पोत्यावरून अर्धे उठले होते. पण बाईनं लेकराला उचललं, हात रुमालानं पुसला आणि गाडीत घातलं. आबा परत बसले. बसताना त्यांना भुईला हात टेकावा लागला. व्यासपीठावरून कुणीतरी सांगत होतं की कीर्तनाचा कार्यक्रम काही कारणाने रद्द, त्याऐवजी डीजे. टाळ्या पडल्या, मनापासून.

गोरखनं मग तिथं उभं राहणं सोडलं. तो वीणा वाजवत, गाड्यांच्या मधून, चिखलातून देवळाकडे निघाला, कारण त्याला दुसरं काही सुचेना. कुलूप तसंच होतं. फुलाबाई घरी गेली होती. तो जाळीकडे तोंड करून उभा राहिला, पहाऱ्याला उभं राहतात तसा. इथं तार ऐकू आली. किती बारीक आवाज होता तो. उजेड कमी होत होता. धुकं पायरीपर्यंत आलं होतं. खाली मैदानातून गाड्या एकेक करून सुरू होऊन निघत होत्या, लाल दिव्यांची माळ खिंडीकडे चढत होती. पुढचा पहारा कुणाचा? गेल्या वर्षीपर्यंत तो डोळे मिटून सांगू शकला असता : आमच्यानंतर खालच्या आळीचे, मग गुरवाचे, मग ज्ञानूकाका. त्यानं मनात एकेकाला हाक मारली. एकेक जण मनात उठून उभा राहिला, मेलेले, पुण्याला गेलेले, खाली गाड्यांना हात करणारे, आणि एकही पायरी चढेना. आपण सोमवारी इथंच उभे असलो तर, असं त्याला वाटलं. मंगळवारी. बुधवारी. शटर वर जाईल, बोर्ड निघतील, त्याची जागा दुसरा घेईल, आणि तो इथं, कुलपाकडे तोंड करून. ते त्याला भयंकर वाटलं नाही. फक्त मान फार दुखत होती, आणि त्या दुखण्याची लाज वाटत होती, कारण आबांची मान बुधवारपासून दुखत असणार.

खालून जीपचा हॉर्न आला, लांबून, दोनदा. रफीकभाई. शेवटची जीप.

आबा काठी टेकत वर आले. पायरीला येऊन दम खात थांबले. जाळीतून आत, अंधारात, जिथं देव असायचा तिकडे त्यांनी हात जोडले. मग गोरखकडे वळले.

“गाडी वाजती.”

“वाजू द्या.”

“उद्या काम हाय तुजं.”

“आबा, माजा पहारा हाय. कुणी आल्याबिगर मी कसा सोडू?”

“कोन यील?” आबांनी विचारलं. खरंच विचारलं; उत्तराची वाट बघितली. गोरखचं बोट तारेवरून फिरत राहिलं. आबांनी हात पुढे केले. “दे हिकडं.”

तो वाकला. आबा वाकले. पट्टा सुटला, आबांच्या हातात आला, आणि आबांनी तो मानेवर घेतला नाही. एका हातानं भोपळा, एका हातानं दांडी असं लेकरू धरावं तसं त्यांनी वीणेला धरलं, डोक्यावरचं मुंडासं काढून पायरीवर पसरलं आणि त्यावर तिला आडवी ठेवली. ठेवताना तार वाजू नये म्हणून वर तळवा धरला. बराच वेळ धरला. मग तळवा काढला.

काही झालं नाही. धुकं होतं, खाली हॉर्न होता.

“आबा,” गोरख म्हणाला. “म्या धरली असती.”

“धरली असतीस. मला ठावं हाय.” आबांच्या उघड्या डोक्यावर पावसाचे बारीक कण बसत होते. “देव न्हाई रागवत. देवाला पन सोमवार ठावं हाय. जा. तुज्या आईला भेटूं नगस आता, ती रडत बसंल, गाडी जाईल. जा.”

तो गेला. मागे वळून पाहिलं तेव्हा आबा पायरीवर वीणेशेजारी बसले होते, हात मांडीवर रिकामे ठेवून, आणि ते हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पुन्हा मांडीवर. मग धुक्यानं ते दिसेनासे झाले.

जीपमध्ये मागची मुलं दमून एकमेकांवर झोपली होती, ओल्या कपड्यांचा आणि चिवड्याचा वास येत होता. रफीकभाईंनी दिवे लावले आणि गाडी रांगेत घातली. भाटघरचं पाणी लागलं तेव्हा त्यांनी काचेवर फडका मारत विचारलं, “काला बुदवारी ना औंदा?”

गोरखनं आपल्या बाजूची काच बाहीनं पुसली.

“न्हाई, आमी येतो ना दर वर्साला महाप्रसादाला. घरचं समदं येतं. घरवाली अन्वरी तर आदल्या दिवसापासनं पोरांना सांगत असती. तुमच्या वडलांच्या हातची ती लापशी.” त्यांनी गिअर बदलला. “तर बुदवारीच ना? येऊं ना आमी?”

“या,” गोरख म्हणाला.